सेशन एकाचे, वापर दुसऱ्याचा : वेब पोर्टल प्रमाणीकरणाचे एक प्रकरण

एका निवासी प्रशिक्षण संस्थेच्या नेटवर्कमधून एका रात्री मोठ्या प्रमाणावर फाइल-शेअरिंग झाले आणि इंटरनेट सेवा पुरवणाऱ्या कंपनीने त्याबद्दल संस्थेकडे लेखी विचारणा केली. विचारणेत वेळ २१:०८ अशी दिली होती आणि सोबत संस्थेचा बाहेरचा आयपी पत्ता व पोर्ट क्रमांक होता. गेटवेवरील, म्हणजे संस्थेचे नेटवर्क इंटरनेटला जोडणाऱ्या यंत्रावरील, पत्ता-रूपांतराच्या (आतले पत्ते बाहेरच्या पत्त्यात बदलण्याच्या) नोंदींतून त्या क्षणी तो पोर्ट वापरणारा आतला पत्ता मिळाला, १०.२०.१४.८७. त्या पत्त्यावर पोर्टलचे, म्हणजे इंटरनेट वापरण्याआधी नाव आणि पासवर्ड विचारणाऱ्या यंत्रणेचे, कोणते सेशन (लॉगिनपासून बंद होईपर्यंतचा वापर) चालू होते हे पाहिल्यावर एका प्रशिक्षणार्थ्याचे खाते समोर आले. व्यवस्थापनाच्या दृष्टीने साखळी पूर्ण झाली होती, आणि खाते बंद करून शिस्तभंगाची कारवाई सुरू करण्याचा मसुदाही तयार झाला.

प्रशिक्षणार्थ्याने लेखी उत्तर दिले की त्या दिवशी संध्याकाळी सव्वासहानंतर तो आवारात नव्हता आणि त्याचा फोन त्याच्याबरोबरच होता. प्रवेशद्वारावरील नोंदवहीत १८:२० वाजता बाहेर पडल्याची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परतल्याची त्याची सही होती. ती पाहूनही पहिला तर्क असा निघाला की त्याने पासवर्ड कुणाला तरी दिला असावा. हा तर्क सोपा होता आणि बहुतेक वेळा तो बरोबरही ठरतो. पण कुणाचे शिक्षण आणि नाव पणाला लागलेले असताना केवळ ‘बहुतेक वेळा’ एवढ्या आधारावर निर्णय घेणे मला मान्य नव्हते, म्हणून सर्व नोंदी पुन्हा पहिल्यापासून तपासायचे ठरले.

नेटवर्कची मांडणी

संस्थेत अनेक इमारती आहेत. प्रत्येक इमारतीतील वायरलेस नेटवर्क खुले होते, म्हणजे जोडणी करताना कोणताही पासवर्ड विचारला जात नसे. नियंत्रणाचा सगळा भार वेब पोर्टलवर होता. प्रत्येक इमारतीत एक लेयर-३ स्विच असून तो तेथील सर्व रहदारी रूट करून मध्यवर्ती गेटवेकडे पाठवत असे. पोर्टलची अंमलबजावणी याच गेटवेवर होत होती. पत्ते वाटण्याचे काम मध्यवर्ती डीएचसीपी सर्व्हर करत होता आणि इमारतीतला स्विच त्याच्यापर्यंत मागणी पोचवण्याचे, म्हणजे रिलेचे, काम करत होता.

कुणी नव्याने जोडले गेले की त्याच्या उपकरणाला आधी आयपी पत्ता मिळे. त्यानंतर गेटवे डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून पत्ता शोधणारी सेवा) आणि पोर्टलचा सर्व्हर एवढे सोडून बाकी सर्व अडवून ठेवी. उपकरणातील ऑपरेटिंग सिस्टिम बाहेर जाता येते का हे पाहण्यासाठी स्वतःहून एका ठरलेल्या पत्त्यावर साधी एचटीटीपी विनंती पाठवते. अँड्रॉइडला त्यावर २०४ हा रिकामा प्रतिसाद अपेक्षित असतो, तर ॲपलच्या उपकरणांना ‘सक्सेस’ एवढा मजकूर असलेले छोटे पान. गेटवे ही विनंती मधेच पकडतो, ज्या सर्व्हरसाठी ती निघाली होती त्याच्या वतीने स्वतःच जोडणी स्वीकारतो आणि ३०२ प्रतिसाद देऊन ब्राउझरला पोर्टलच्या पानाकडे वळवतो. अपेक्षेपेक्षा वेगळे काही आले एवढ्यावरून उपकरण ओळखते की पुढे लॉगिन पान आहे, आणि ते पान समोर आणते. एचटीटीपीएसची विनंती अशी वळवता येत नाही, कारण गेटवेकडे त्या संकेतस्थळाचे प्रमाणपत्र नसते. म्हणूनच ‘लॉगिन पान येत नाही’ ही तक्रार पोर्टल असलेल्या प्रत्येक ठिकाणी ऐकू येते, पण या प्रकरणाशी तिचा संबंध नाही.

वापरकर्त्याने नाव आणि पासवर्ड भरला की पोर्टल तो गेटवेकडे देतो आणि गेटवे खाती व पासवर्ड तपासणाऱ्या रेडियस सर्व्हरला यूडीपी पोर्ट १८१२ वर विचारतो. सर्व्हरने होकार दिला तर त्या उत्तरातच सेशन जास्तीत जास्त किती वेळ चालेल आणि किती वेळ हालचाल नसेल तर ते बंद करायचे, या दोन मुदती येऊ शकतात. गेटवे मग आपल्या तक्त्यात एक ओळ भरतो आणि पोर्ट १८१३ वर अकाउंटिंगची, म्हणजे वापराच्या हिशेबाची, पहिली नोंद पाठवतो.

इथून पुढे काय घडते, यावर या प्रकरणाचा सगळा उलगडा अवलंबून आहे. ती ओळ भरली गेल्यावर गेटवे पासवर्ड पुन्हा पाहत नाही आणि माणूसही पाहत नाही. येणाऱ्या प्रत्येक पॅकेटचा (डेटाच्या तुकड्याचा) उगम-पत्ता तक्त्यात आहे का, एवढेच तो पाहतो. माणसाची ओळख एकदाच, दारात पटवली जाते. त्यानंतर आत-बाहेर करण्याची मुभा पत्त्याला असते. तो पत्ता त्याच माणसाच्या उपकरणाकडे आहे याची खात्री पोर्टल करत नाही, ती दुसऱ्या कुणीतरी करावी लागते.

अकाउंटिंगच्या नोंदी काय सांगत होत्या

पासवर्ड दुसऱ्याला दिला असता तर त्या दुसऱ्याने लॉगिन केल्याची स्वतंत्र विनंती रेडियस सर्व्हरवर दिसायला हवी होती. तशी विनंती नव्हती. त्या खात्यावर त्या दिवशी संध्याकाळी एकच लॉगिन होते, १७:४२ चे, आणि तेच सेशन २३:१० पर्यंत अखंड चालले. शेवटच्या नोंदीत समाप्तीचे कारण ४, म्हणजे आयडल टाइमआउट (ठरलेला वेळ हालचाल नसल्याने सेशन बंद), असे होते. पासवर्डचा तर्क इथेच संपला.

गेटवे दर दहा मिनिटांनी मधली नोंद पाठवत होता आणि तीत तोवरच्या डेटाची बेरीज असे. या नोंदी एकाखाली एक मांडल्यावर चित्र स्पष्ट झाले. १७:५२, १८:०२ आणि १८:१२ या नोंदींत आकडा फोनच्या साध्या वापराला शोभेल असा सावकाश वाढत होता. १८:२२ च्या नोंदीत अगदी थोडी भर होती. १८:३२ आणि १८:४२ या दोन नोंदींत एका बाइटचाही फरक नव्हता. १८:५२ च्या नोंदीत मात्र आकड्याने एकदम उडी घेतली आणि त्यानंतर तो रात्री दहापर्यंत वेगाने वाढत राहिला. एकाच सेशनच्या पोटात दोन अगदी भिन्न स्वभावांचे वापर होते आणि त्यांच्यामध्ये वीस मिनिटांहून अधिक शांतता होती. गेटवेवरील रहदारीच्या तपशिलात त्या पत्त्यावरून निघालेले फोनचे शेवटचे पॅकेट १८:१७ चे होते, म्हणजे नोंदवहीतल्या सहीच्या तीन मिनिटे आधीचे.

या नोंदींतच ‘कॉलिंग स्टेशन आयडी’ नावाचा एक रकाना असतो आणि त्यात उपकरणाचा मॅक पत्ता, म्हणजे त्याच्या नेटवर्क जोडणीचा ओळख-क्रमांक, येणे अपेक्षित असते. तो पाहिला की वाद मिटेल, असे वाटले होते. प्रत्यक्षात त्या इमारतीतील प्रत्येक वापरकर्त्याच्या ओळीत एकच मॅक पत्ता होता, आणि तो होता इमारतीतील लेयर-३ स्विचचा. यात बिघाड काही नव्हता. पॅकेट राउटरमधून पुढे जाते तेव्हा त्याचा आयपी उगम-पत्ता तसाच राहतो, पण मॅक पत्ता प्रत्येक टप्प्यावर बदलतो. त्यामुळे स्विचपलीकडे बसलेल्या गेटवेला मूळ उपकरणाचा मॅक दिसणे शक्यच नव्हते. त्याच्या तक्त्यात माणूस आणि आयपी पत्ता यांच्या जोडीखेरीज काही नव्हते. रकाना भरलेला असल्यामुळे तो रिकामा असल्याचे इतके दिवस कुणाच्या लक्षात आले नाही.

डीएचसीपीची नोंदवही

आयपी पत्ता कुणाकडे होता हे सांगू शकेल अशी एकच जागा उरली होती, ती म्हणजे डीएचसीपी सर्व्हर. त्याच्या नोंदींनुसार १०.२०.१४.८७ हा पत्ता १७:४१ ला प्रशिक्षणार्थ्याच्या फोनला मिळाला. लीजची, म्हणजे पत्ता ठराविक काळ वापरण्याच्या परवानगीची, मुदत तीस मिनिटांची होती. डीएचसीपीच्या नेहमीच्या वागण्याप्रमाणे उपकरण निम्मी मुदत सरली की लीज वाढवून घेते. त्याप्रमाणे फोनने १७:५६ ला आणि १८:११ ला ती वाढवून घेतली. त्यानंतर नूतनीकरण झाले नाही, कारण फोन आवाराबाहेर होता. १८:४१ ला लीज संपली. १८:४४ ला तोच पत्ता दुसऱ्या एका मॅक पत्त्याला देण्यात आला.

गेटवेवरचा आयडल टाइमआउट साठ मिनिटांचा होता. शेवटचे पॅकेट १८:१७ चे, म्हणून फोनचे सेशन आपोआप बंद होण्याची वेळ १९:१७ होती. त्यामुळे १८:४१ ते १९:१७ या छत्तीस मिनिटांत हा पत्ता डीएचसीपीच्या लेखी मोकळा होता आणि गेटवेच्या लेखी मात्र प्रशिक्षणार्थ्याचा. या फटीत तो पत्ता ज्याला मिळेल त्याला सेशनही आयते मिळणार होते. दुसऱ्या उपकरणाला तो १८:४४ ला मिळाला, त्याची रहदारी सुरू झाली, आयडल टाइमआउटचे घड्याळ पुन्हा शून्यावर आले आणि मृत व्हायला निघालेले सेशन जिवंत झाले. ते उपकरण २२:१० च्या सुमारास गप्प झाले आणि बरोबर तासाभराने, २३:१० ला, समाप्तीची नोंद पडली.

दुसऱ्या उपकरणाच्या मालकाने काही लबाडी केली असावी असेही यातून सिद्ध होत नाही. त्याच्या उपकरणाने नेहमीची चाचणी-विनंती पाठवली असेल, पत्ता आधीच मान्य असल्यामुळे गेटवेने ती सरळ बाहेर जाऊ दिली असेल, अपेक्षित उत्तर आले असेल आणि म्हणून लॉगिन पान उघडलेच नसेल. त्याच्या दृष्टीने त्या दिवशी इंटरनेट नुसते सुरू होते. त्याने पुढे ज्या फाइली उतरवल्या त्या गोष्टीची जबाबदारी वेगळी. पण दुसऱ्याच्या नावावर आत शिरण्याचे कृत्य त्याने केलेले नाही.

पुरावा म्हणून एवढे कागदावरचे गणित पुरेसे नव्हते, म्हणून रात्री एका वेगळ्या व्हीलॅनवर (त्याच यंत्रणेतील वेगळ्या काढलेल्या नेटवर्कवर) हीच परिस्थिती उभी केली. त्यासाठी पूलमध्ये, म्हणजे वाटण्यासाठी ठेवलेल्या पत्त्यांच्या साठ्यात, मुद्दाम एकच पत्ता ठेवला. पहिल्या लॅपटॉपवरून लॉगिन करून त्याची वायरलेस जोडणी अचानक तोडली आणि लीज संपेपर्यंत थांबून दुसरा लॅपटॉप जोडला. त्याला तोच पत्ता मिळाला, कोणतेही लॉगिन पान आले नाही, आणि बाहेरचे संकेतस्थळ सरळ उघडले. पोर्टलच्या प्रशासन पडद्यावर त्या वेळी पहिल्याच चाचणी-खात्याचे नाव ‘ऑनलाइन’ म्हणून झळकत होते.

फट पडली कशी

वरच्या दोन्ही मुदती मुळात अशा नव्हत्या. आयडल टाइमआउट पूर्वी दहा मिनिटांचा होता. फोनचा पडदा बंद झाला की तो बराच वेळ काही पाठवत नाही, त्यामुळे लोकांना दिवसातून अनेकदा पासवर्ड भरावा लागे. तक्रारी वाढल्या आणि मुदत साठ मिनिटे झाली. लीज पूर्वी आठ तासांची होती. इमारतीच्या पूलमध्ये २५४ पत्ते होते आणि प्रत्येकाकडे फोन व लॅपटॉप अशी दोन उपकरणे आल्यावर संध्याकाळी पत्ते संपू लागले. म्हणून ती तीस मिनिटांवर आणली गेली. पहिला बदल पोर्टल सांभाळणाऱ्यांनी केला, दुसरा सर्व्हर सांभाळणाऱ्यांनी, आणि आपापल्या प्रश्नासाठी दोन्ही बदल योग्य होते. दोन्ही मुदती वेगवेगळ्या यंत्रांवर, वेगवेगळ्या पडद्यांवर होत्या. त्यांचे एकमेकींशी काही नाते आहे हे कोणत्याच पडद्यावर लिहिलेले नव्हते.

ते नाते असे आहे. उपकरण निघून जाते त्या क्षणी त्याच्या लीजची शिल्लक मुदत सर्वसाधारणपणे निम्मी ते पूर्ण यांच्या दरम्यान असते, कारण निम्मी सरली की ते नूतनीकरण करत असते. म्हणून पत्ता मोकळा होण्याआधी सेशन मरायचे असेल तर आयडल टाइमआउट लीजच्या निम्म्याहून अधिक असता कामा नये. तीस मिनिटांच्या लीजला ही मर्यादा पंधरा मिनिटांची होते. साठ मिनिटे ठेवल्यामुळे प्रत्येक निघून जाणाऱ्या उपकरणामागे तीस ते पंचेचाळीस मिनिटांची फट उघडी राहत होती.

मग ही गोष्ट रोज, सगळ्यांच्या लक्षात का आली नाही? डीएचसीपीच्या १९९७ च्या आरएफसी २१३१ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या पद्धती मांडणारा क्रमांकित दस्तऐवज) नवा पत्ता देताना उपलब्ध पत्त्यांतून निवड करण्याची मोकळीक सर्व्हरला आहे, आणि बरेच सर्व्हर नुकताच सुटलेला पत्ता शक्यतो शेवटी वापरतात. पूलमध्ये भरपूर जागा असेपर्यंत फट होती, पण तिच्यात कुणी पडत नव्हते. संध्याकाळी पूल भरला की नुकताच सुटलेला पत्ताच हाती उरे. त्याच आरएफसीत असेही सुचवले आहे की वापरून झालेला पत्ता पुन्हा देण्याआधी सर्व्हरने पिंग करून पाहावे. इथे सर्व्हर तसे करत होता, पण फोन निघून गेलेला असल्याने उत्तर येणारच नव्हते. त्या पत्त्यावर कुणी बसले आहे का, एवढेच पिंगला कळते. त्या पत्त्याच्या नावाने गेटवेवर खाते उघडे आहे का, हे त्याला विचारताच येत नाही.

उपाय

सर्वांत सोपा उपाय आयडल टाइमआउट पुन्हा दहा मिनिटांवर आणण्याचा होता. तो मी सुचवला नाही, कारण त्याने जुनी तक्रार परत आली असती आणि काही महिन्यांनी कुणीतरी ती मुदत पुन्हा वाढवली असती. त्याऐवजी पूल मोठा केला. इमारतीचा पत्ता-पट्टा १०.२०.१२.० पासून सुरू होणारा बावीस बिटांचा केला, त्यामुळे २५४ च्या जागी १०२२ पत्ते मिळाले, आणि लीज चार तासांची केली. साठ मिनिटांचा आयडल टाइमआउट आता दोन तासांच्या मर्यादेच्या बराच आत आहे.

मुदती जुळवल्याने सगळे सुटत नाही. काही उपकरणे जाताना पत्ता रीतसर परत करतात, आणि तसे झाले की लीज कितीही लांब असली तरी तो लगेच मोकळा होतो. त्यासाठी डीएचसीपी सर्व्हरवर अशी व्यवस्था केली की लीज संपली किंवा परत केली गेली, की एक स्क्रिप्ट चालते आणि गेटवेला पोर्ट ३७९९ वर सेशन तोडण्याची विनंती पाठवते. रेडियसची ही सोय २००८ च्या आरएफसी ५१७६ मध्ये वर्णिलेली आहे आणि गेटवेत ती पूर्वीपासून होती, फक्त वापरात नव्हती. दोन यंत्रांनी एकमेकांशी बोलायला सुरुवात करणे, हा मला या सगळ्यांतला सर्वांत मोलाचा बदल वाटतो.

दुसऱ्या टप्प्यात पोर्टलची अंमलबजावणी मध्यवर्ती गेटवेवरून इमारतीतील वायरलेस कंट्रोलरवर नेली. तिथे उपकरणाचा खरा मॅक दिसत असल्यामुळे तक्त्यातील ओळ आता आयपी आणि मॅक या दोन्हींची असते. पत्ता दुसऱ्याकडे गेला तर मॅक जुळत नाही आणि लॉगिन पान येते. पोर्टलच्या रचनेविषयीच्या २०२० च्या आरएफसी ८९५२ मध्ये उपकरणाची ओळख एकमेव असावी, सहज बनावट करता येऊ नये आणि अंमलबजावणी करणाऱ्या यंत्राला ती दिसावी, असे अपेक्षिले आहे. लेयर-३ च्या जुन्या मांडणीत यांतली पहिली अटही नीट पाळली जात नव्हती.

मॅक जोडल्याने दुसरी अट मात्र पूर्ण होत नाही. खुल्या वायरलेसमध्ये हवेतून कुणाचाही मॅक आणि आयपी वाचता येतो आणि आपल्या उपकरणावर चढवता येतो. हे थांबवणे पोर्टलच्या आवाक्यात नाही. त्यासाठी जोडणीच्या पातळीवरच ओळख पटवून प्रत्येक उपकरणाला स्वतंत्र किल्ली देणारे ८०२.१एक्स लागते. प्रशिक्षणार्थी आणि कर्मचारी यांची खाती आधीच रेडियसवर असल्यामुळे त्यांना त्या पद्धतीवर नेणे अवघड नव्हते, आणि ते काम इमारत-इमारत करत सुरू आहे. पोर्टल यापुढे फक्त पाहुण्यांसाठी राहील.

प्रकरणाचा निकाल

कारवाईचा मसुदा मागे घेण्यात आला आणि प्रशिक्षणार्थ्याला तसे लेखी कळवण्यात आले. तोंडी कळवले तर पुरे, असे एक मत होते. आरोप कागदावर आला होता, म्हणून तो मागे घेतल्याचेही कागदावरच आले पाहिजे, असा आग्रह मी धरला आणि तो मान्य झाला.

दुसऱ्या उपकरणाचा शोध घेण्याचा प्रयत्न झाला. डीएचसीपीच्या नोंदीतील त्याच्या मॅकचे दुसरे चिन्ह ६ होते. त्या जागी २, ६, ए किंवा ई यांपैकी काही असले तर तो पत्ता कारखान्यात दिलेला नसून उपकरणाने स्वतः तयार केलेला असतो. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन असे पत्ते आपणहून वापरतात, आणि लोकांचा माग काढला जाऊ नये म्हणून ते योग्यच आहे. त्यामुळे उपकरण कुणाचे हे सांगता आले नाही, आणि अंदाजाने पुन्हा कुणाचे नाव घेणे टाळले. सेवा पुरवणाऱ्या कंपनीला घडलेला प्रकार आणि केलेली दुरुस्ती लेखी कळवली.

आता विचारणा आली की केवळ पोर्टलच्या नोंदीवरून कुणाचे नाव व्यवस्थापनाकडे जात नाही. त्या मिनिटाची पत्ता-रूपांतराची नोंद, अकाउंटिंगची नोंद आणि डीएचसीपीची नोंद या तिन्ही एकत्र ठेवल्या जातात. लॉगिनच्या वेळचा मॅक आणि तक्रारीच्या वेळचा मॅक एकच असेल तरच पुढची पायरी घेतली जाते. तिन्ही यंत्रांची घड्याळे एकाच एनटीपी सर्व्हरशी जुळवलेली आहेत. शिवाय रोज रात्री एक छोटा प्रोग्राम आदल्या दिवसाची सर्व सेशने आणि लीज ताडून पाहतो, आणि एखाद्या सेशनच्या दरम्यान पत्त्याचा मॅक बदललेला आढळला तर ती ओळ सकाळी नेटवर्क विभागाच्या टेबलावर येते.